रूपेशला वळणं सांगताना

योगराजच्या डोळ्यांवर झोप नुसती आली नव्हती, बस्तान मांडून बसली होती. रायपूरला तांदळाचे कट्टे उतरवून, रात्रभर पिकअप हाकत तो सकाळी घरी आला, अंगणातल्या खाटेवर पाठ टेकली, आणि डोळा लागतो न लागतो तोच जंगलूकाका उशाशी येऊन उभे राहिले.

"उठ गा योगराज. रूपेशचा जीव आनाले जाचा हाये ना आज."

"गाडी चालवून चालवून मेलो मी, काका. दुसऱ्या कोनाले सांगा."

"दुसऱ्याचा भाऊ हाये का तो?"

योगराजनं तोंडावर पाणी मारलं आणि किल्ली उचलली. कोहमारा ते गोरेगाव रस्त्यावरून आत, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. तिथून देवरीकडचा घाट म्हणजे त्याच्यासाठी रोजचं अंगण, पण आज तो रस्ता त्याला नको होता.

रूपेश त्याचा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी, असाच पळस फुललेला असताना, देवरीहून मोटारसायकलवर घरी येताना घाटात कुठल्या तरी गाडीनं त्याला उडवलं. गाडी कोणाची ते कळलं नाही आणि आता कळणारही नाही. माती रीतसर झाली. पण त्यांच्यात माती दिली म्हणजे माणूस मार्गी लागला असं होत नाही. जिथं अंग पडलं तिथंच जीव बसून राहतो. त्याला गाडग्यात घेऊन घरी आणायचं आणि घरातल्या जुन्या माणसांत, त्याच्या बापाच्या शेजारी बसवायचं. तो कार्यक्रम उद्या सकाळी होता. सोयरे यायला लागले होते, चुली पेटल्या होत्या, फक्त ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तोच यायचा बाकी होता. आणि त्याला दिवस मावळायच्या आत उंबऱ्याच्या आत घ्यायचं होतं. दिवस बुडाला की जीव चालत नाही, जिथं आहे तिथं परत बसतो, आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत कोणी त्याला उठवत नाही. जंगलूकाकांनी हे तीनदा सांगितलं, त्यामुळे योगराजला ते पाठ झालं होतं.

जीव आणताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वाटेतलं प्रत्येक वळण, प्रत्येक पूल त्याला मोठ्यानं सांगायचा. मेलेल्याला रस्ता दिसत नाही, घरच्या माणसाचा आवाज तेवढा ऐकू येतो. जिकडं सांगाल तिकडं तो जातो. पूर्वी हे सोपं होतं. पायी जायचं, वाटेत एक नाला, एक पांदण, गावाजवळचं मोहाचं झाड, संपलं. हा नियम घालून देणाऱ्यांनी चौपदरी रस्ता पाहिला नव्हता.

पिकअपच्या पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसले. मध्ये लीलाबाई, योगराजची माय, मांडीवर कोरं गाडगं घेऊन. दाराशी जंगलूकाका, पिशवीत तांदूळ, हळद आणि बाटलीत मोहाची. गाडी राइस मिलच्या मालकाची होती. याच गाडीवर रूपेश त्याच्यासोबत हमालीला असायचा. गोदामात, अंगणात, कुठंही गाडी मागं घ्यायची असली की रूपेश मागं जाऊन उभा राहायचा आणि हाळी द्यायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" त्याच्या त्या 'बस'वर योगराजचा एवढा भरवसा की तो आरशात बघतच नसे. आता बघावं लागायचं, आणि तरी मागचा पत्रा दोन ठिकाणी चेपला होता.

घाट तसा देखणा. पोस्टरवाल्या हिमालयासारखा नाही, आपल्या ऐपतीचा. दोन्ही बाजूंना डोंगर, सागाची पानं झडलेली, मधूनच पळसाचा भडका, आणि त्यातून वळत जाणारा गुळगुळीत काळा रस्ता. योगराज तिसऱ्या-चौथ्या दिवशी इथून जायचा. गेलं वर्षभर त्या जागेवर आला की तो काही बोलत नसे, गाडी हळू करत नसे, फक्त हॉर्न दोनदा दाबायचा. छोटे दोन. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात रीतभात नव्हती, काकांनी सांगितलेलं काही नव्हतं. त्याला वाटायचं की भाऊ तिथं कठड्याला टेकून बसलाय आणि हॉर्न ऐकून हात वर करतोय. रात्रीच्या लांबच लांब फेरीत तेवढीच एक ओळखीची जागा होती. आज त्याला उचलून नेलं की घाटात उरणार कोण, हा विचार सकाळपासून त्याच्या छातीत ठाण मांडून होता. मायला तो हवा होता घरात. योगराजला तो रस्त्यावर हवा होता. आणि हे बोलायची सोय नव्हती.

पुढं जाऊन दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून गाडी वळवली, उतरणीच्या बाजूला घेतली आणि त्या वळणावर कडेला लावली. चारी इंडिकेटर चालू केले. समोर नागपूर पासिंगची एक गाडी उभी होती आणि एक बाई, तिचा नवरा आणि दोन पोरं पळसाखाली फोटो काढत होती.

"दादा, जरा बाजूला होता का? तुम्ही फोटोत येताय," नवरा काकांना म्हणाला.

"आमी आमच्याच कामानं आलो जी," काका म्हणाले, पण सरकले.

काकांनी जमीन झाडली, हळदीची रेघ ओढली, मोहाचे चार थेंब शिंपडले. गाडग्यात पाणी घेऊन त्यात तांदळाचे दोन दाणे सोडले. दाणे तळाशी जाऊन एकमेकांना चिकटले की जीव आला असं समजायचं. लीलाबाई हाक मारत होती, "ये बापू, ये. घरी चाल." इकडून ट्रक गेला की जमीन थरथरायची आणि दाणे पुन्हा लांब. ट्रक गेला, दाणे जवळ. बस गेली, दाणे लांब. दिवस डोंगराकडं झुकला. फोटोवाली मंडळी निघून गेली. योगराज गाडीला टेकून उभ्यानं पेंगत होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, नाही यायचं तर नको येऊ रे, रहा इथंच.

"आला!" काका ओरडले. दोन्ही दाणे एकमेकांना चिकटून बसले होते. लीलाबाईनं गाडग्याचं तोंड कोऱ्या फडक्यानं बांधलं आणि छातीशी धरलं. ती रडली नाही. तिचं तोंड एवढं उजळलं की योगराजला स्वतःच्या विचाराची लाज वाटली.

परतीचा रस्ता सुरू झाला आणि माय सुरू झाली. "रूपेश, डावा मोड आला बापू. आता उजवा. हळू ये, उतार हाये." घाटात वळणं काही थोडी नाहीत. प्रत्येकावर तिनं त्याला सांगितलं. जंगलाच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना उंच भिंती लावलेला पूल आला, तसं ती म्हणाली, "पूल आला, बापू. इथं खालून जनावरं जातेत अन् वरून मानसं. तू वरूनच ये." काका यावर हसले आणि मग खिडकीला डोकं टेकून घोरायला लागले. गाडग्यावर नजर ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं.

घाट संपला, रस्ता सरळ झाला. खरी पंचाईत इथंच असते. वळणावर झोप उडते, सरळ रस्त्यावर ती मांडीवर येऊन बसते. पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत. योगराजनं खिडकी उघडली, गालावर चापट मारली, गुटख्याची पुडी फोडली. मायचा घोगरा झालेला आवाज कानाजवळ चालूच. लहानपणी ताप आला की ती अशीच बडबडत बसायची आणि झोप लागायची.

कोहमारा जवळ आलं. तिथं मोठा रस्ता उड्डाणपुलावरून सरळ साकोलीकडं निघून जातो. ज्याला गोरेगावकडं वळायचंय त्यानं पुलाच्या आधीच खाली उतरायचं. आता गोरेगाव उजवीकडं, पण उतरायचं डावीकडं, सर्व्हिस रोडनं पुढं जायचं आणि मग पुलाखालून उजवीकडं निघायचं. जित्या माणसाची इथं तारांबळ उडते.

"योगराज, आपलं घर उजवीकडं ना? मंग त्याले उजवीकडं सांगू?"

"नाही माय. पहिले डावीकडं उतराचा."

"डावीकडं कायले? तिकडं तर नवेगावबांध हाये."

"रस्ताच तसा केला माय त्यायनं! डावीकडं उतर म्हन त्याले, मंग उजवीकडं."

लीलाबाईला ते पटलं नाही, पण गाडी चालवणाऱ्याचं ऐकायचं असतं. उतार दिसला तसा तिनं गाडग्यावर तोंड नेलं आणि उरलासुरला आवाज काढून सांगितलं, "रूपेश, डावीकडं उतर बापू! डावीकडं!"

आणि त्याच क्षणी योगराजचा डोळा लागला. क्षणभरच. चाकांचा आवाज बदलला म्हणून त्यानं दचकून डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना कठडे होते, खाली चौक होता आणि गाडी उड्डाणपुलावर होती.

काका जागे झाले आणि त्यांनी बाहेर पाहिलं.

"योगराज," माय म्हणाली, "आपन वर काऊन आलो?"

"चुकलो."

"मी त्याले खाली उतरवला ना."

काकांनी गाडग्याचं फडकं जरा उचलून आत डोकावलं. दोन दाणे दोन टोकांना गेले होते.

"गेला," काका म्हणाले. "सांगतल्या जागी उतरला तो. त्याचा काय कसूर?"

"गाडी हालली म्हनून दाने हालले!" योगराज फुटलाच. "दिवसभर काय लावलं हे? डावा मोड, उजवा मोड! हजार डाव आला तो या रस्त्यानं. गाडग्यातला जीव पुलावरून उडी मारते का? अन् मी का मशीन हाये? रातभर जागा हाये मी!"

माय उलटून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान वळवून मागं बघत राहिली. पुलाखालच्या त्या उतारावर तिचा पोरगा एकटा उभा होता, आणि त्याला तिथं तिनंच उतरवलं होतं. योगराजला तिचं तोंड बघवेना. झोपेत रस्ता चुकला हे खरं होतं. पण चुकल्यावर मनाच्या एका कोपऱ्यात त्याला हायसं वाटलं होतं, हेही तेवढंच खरं होतं, आणि तेच त्याला जास्त टोचत होतं.

"वापस चाल," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

वापस चाल म्हणणं सोपं. चौपदरी रस्त्यावर चूक जिथं होते तिथं दुरुस्त करता येत नाही. आधी ती बरीच लांब घेऊन जावी लागते. सौंदडच्या दिशेनं जावं लागलं, तिथं खालून वळायला जागा सापडली. परत आले तर पुलाची उलटी बाजू. रूपेश उतरला तो उतार पलीकडं, मध्ये दुभाजक. चौकात उतरून सरळ घरी जाता आलं असतं. योगराजनं तसं म्हणूनही पाहिलं, "इथूनच हाक मार ना माय, ऐकू जाईन त्याले." काकांनी मान हलवली. जिथं सोडला तिथूनच घ्यायचा. मग पुन्हा पुलावरून, पुन्हा देवरीच्या अंगानं पुढं, पुन्हा वळायच्या जागेची वाट बघत. पुलावरून जाताना माय कठड्यापलीकडं वाकून बघत होती. ऊन तांबूस झालं. धानाच्या रिकाम्या बांध्यांतून गाई घराकडं निघाल्या होत्या. योगराजच्या खांद्यांत गोळे आले होते आणि डोळ्यांत वाळू घातल्यासारखं चुरचुरत होतं.

अखेर ते त्या उताराच्या तोंडाशी आले. त्यानं या वेळी शंभर पावलं आधीपासून इंडिकेटर दिला, गाडी डावीकडं घेतली आणि सर्व्हिस रोडच्या कडेला लावली. वरून ट्रक धडधडत जात होते. समोर चहाची बंद टपरी, टायरवाल्याचा ढीग, बाकी कोणी नाही.

लीलाबाई गाडगं घेऊन खाली उतरली. तिनं तोंड उघडलं. हवाच बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. घाटापासून इथवर तिनं सगळा आवाज वाटून टाकला होता. ती काकांकडं बघायला लागली.

"माह्या हाकेवर नाही येनार तो," काका म्हणाले. "माय नाही त भाऊ. हाळी एकाच पोटच्यानं द्याची."

दोघांनी योगराजकडं पाहिलं.

योगराज स्टिअरिंगला धरून तसाच बसला. वर्षभरात त्यानं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. पोलिसांपुढं 'मयत माझा भाऊ' म्हणाला होता, मिलमध्ये 'तो' म्हणायचा. आता नाव घेऊन बोलवायचं म्हणजे तो नाही हे कबूल करायचं, आणि बोलावून घरी न्यायचं म्हणजे घाट रिकामा करायचा. दिवस पुलाच्या कठड्याला टेकला होता. माय त्याच्याकडं बघत होती, रागानं नाही, फक्त वाट बघत होती.

शब्द आला नाही. हात गेला. त्यानं हॉर्न दाबला. छोटे दोन.

लीलाबाईनं चमकून पाहिलं. "हे काय?" ती ओठांनीच म्हणाली.

"घाटातून जातो तवा देतो," तो म्हणाला. "त्याले. हरेक डावाले." आणि मग त्याला राहवेना. "माय, त्याले घरी नेला तर मंग मी कोनाले हॉर्न देऊ?"

तो रडायला लागला. मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप, स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. माय खिडकीशी आली. एका हातात गाडगं, दुसरा हात आत घालून तिनं त्याच्या केसांतून फिरवला. मग त्याच्या कानाशी वाकून, फुटक्या आवाजात म्हणाली, "सालभर तूच बोलला त्याच्याशी. मंग तुह्याच आवाजावर येईन तो."

योगराजनं तोंड पुसलं, दार उघडलं आणि खाली उतरला.

"रूपेश," तो म्हणाला. फार हळू झालं. त्यानं गोदामातल्यासारखा आवाज लावला. "रूपेश! मी आलो गा. डोरा लागला होता माहा. चाल आता. सरळ हाये, मंग पुलाखालून उजवा. तुले त ठाऊकच हाये."

काका फडकं सोडून बघायला निघाले. लीलाबाईनं गाडगं मागं घेतलं. "राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "आला तो."

पुढचा सगळा रस्ता योगराज बोलत होता. पुलाखालून उजवा. गोरेगावचा रस्ता लागला. इथं गतिरोधक आहे. जंगल लागलं. हा बांध, इथं आपण मासे धरायचो. झोप कुठं गेली त्यालाच कळलं नाही. काका खिडकीतून दिवसाकडं बघत होते आणि काही म्हणत नव्हते, म्हणजे दिवस अजून होता. गावचा मोड आला तसा त्यानं तोही सांगितला, आणि शाळा, आणि बोअरवेल.

अंगण माणसांनी भरलं होतं. गाडी दिसताच सगळे उठून दोन बाजूंना झाले. झाडांमागं अजून तांबडी कोर शिल्लक होती. काकांनी घाई केली, "लवकर. योगराज, तू आंदर जा. हाळी देनारा घरातून बोलवते, तोंड बाहेर करून."

तो उंबऱ्याच्या आत जाऊन उभा राहिला. समोरून माय येत होती, गाडगं दोन्ही हातांनी धरून, पाय चाचपत. आता सांगायला एकही वळण उरलं नव्हतं. अंगण सरळ होतं, दार समोर होतं, आणि सगळी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग हात आपोआप वर झाला आणि पंजा हलायला लागला.

"येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे. येऊ दे."

गर्दीतल्या मिलच्या हमालांनी माना खाली घातल्या. माय एकेक पाऊल टाकत उंबऱ्यापर्यंत आली, उंबरा ओलांडला, पितरांच्या कोपऱ्यात वाकली. गाडगं जमिनीपासून वीतभर वर धरून ती थांबली. शेवटचा शब्द अजून यायचा होता. परवा त्याला पुन्हा रायपूरला जायचं होतं. घाट लागणार होता, पळस फुललेला असणार होता, आणि कठड्याला टेकून कोणीही बसलेलं असणार नव्हतं. बाहेर कोर बुडत होती. योगराजनं भावाकडं एकदा नीट पाहून घेतलं.

"बस," तो म्हणाला, आणि मायनं गाडगं खाली टेकवलं.